नदी स्वच्छ झाली, हे कसं ओळखायचं?



परिसर अभ्यासात 'जलप्रदूषण' शिकवताना मुलांना विचारून बघा, "पोहण्याजोगं पाणी कोणतं?" बहुतेक उत्तर येतं, "ज्याचा तळ दिसतो ते!" हे उत्तर धोक्याचं आहे. म्हणून हा पाठ.

पॅरिसची सेन नदी

सांडपाण्यामुळे खराब झालेल्या सेन नदीत 1923 पासून पोहायला बंदी होती. 2024 च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने शुद्धीकरणावर सुमारे 140 कोटी युरो खर्च झाले. तरीही स्पर्धेच्या सुरुवातीला पाऊस पडला आणि 30 जुलैची पुरुषांची ट्रायथलॉन एक दिवस पुढे ढकलावी लागली. मग जुलै 2025 मध्ये तीन ठिकाणी सर्वांना पोहायला परवानगी मिळाली.

पावसाने नदी खराब कशी होते?

पॅरिसच्या जुन्या भागात पावसाचं पाणी आणि घरांतलं मैलापाणी एकाच गटारातून जातं. जोराचा पाऊस झाला की गटार तुंबतं आणि जास्तीचं पाणी नदीत सोडावं लागतं. ते साठवायला ऑस्टरलित्झ स्टेशनजवळ जमिनीखाली सुमारे 5 कोटी लिटरची टाकी बांधली आहे. पण खूप पाऊस झाला, तर तीही अपुरी पडते.

मग ठरवायचं कसं?

तपासणी करून. माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात ई. कोलाय नावाचे जिवाणू असतात. ते पाण्यात जास्त सापडले, की मैला मिसळला असं समजायचं. नदी-तळ्यांसाठी युरोपातला किमान निकष साधारण असा: 100 मिलीलिटर पाण्यात ते 900 पेक्षा जास्त नकोत. सेनच्या काठावर रोज झेंडा लावतात. हिरवा म्हणजे पोहा, लाल म्हणजे बंद.

वर्गात करून बघा

दोन ग्लास घ्या. एकात साधं पाणी, दुसऱ्यात मीठ विरघळवलेलं. मुलांना चव न घेता ओळखायला सांगा. जमणार नाही! मग दोन्ही पाणी वेगवेगळ्या ताटलीत थोडंथोडं ओतून उन्हात ठेवा. वाळल्यावर एका ताटलीत पांढरं मीठ दिसेल. डोळ्यांना न दिसणारी गोष्टही पाण्यात असते, हे मुलं विसरणार नाहीत.

चर्चेसाठी प्रश्न

1. कालचा हिरवा झेंडा आज का चालत नाही?
2. आपल्या गावातलं सांडपाणी कुठे जातं?
3. नदीत उतरण्याआधी कोणाला काय विचाराल?

पालकांनो, सुट्टीत मुलं नदीवर, ओढ्यावर जाणारच. नुसतं "जाऊ नको" म्हणून भागत नाही. वरच्या अंगाला नाला मिळतो का, दोन दिवसांत पाऊस झाला का, हे त्यांना बघायला शिकवा. शंका असली तर उतरायचं नाही. आणि पाणी कितीही चांगलं असलं, तरी मोठं माणूस सोबत हवंच.

'नदी स्वच्छ आहे का?' यापेक्षा 'नदी आज स्वच्छ आहे का?' हा प्रश्न मुलांच्या तोंडी बसला, की पाठ पूर्ण झाला.