चंद्रावरचा ससा आणि उशिरा येणारी मुलगी



आजचा पाठ पुस्तकातला नाही, मुलांच्या मोबाईलमधला आहे. माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर दोन लांब शेंड्या आणि कपाळावर चंद्रकोर असलेल्या मुलीचं चित्र दिसलं. गणिताच्या तासाला! मी रागावले. ती हळूच म्हणाली, "मॅडम, हे सेलर मून हाय. ते बी माह्यावाणी रोज शाळेत उशिरा येते."

ही मुलगी रोज उशिरा यायची आणि मी रोज तिला दाराशी उभी करायची. त्या दिवशी घरी जाऊन मी ती मालिका पाहिली. जे समजलं ते तुमच्यासमोर मांडते.

ही मालिका आहे तरी काय?

जपानमध्ये 'जादूची मुलगी' हा कार्टूनचा एक वेगळा प्रकारच आहे. त्याची सुरुवात 1966 च्या 'सॅली' या मालिकेपासून मानतात. 'सेलर मून' ही त्यातली सर्वांत गाजलेली. नाओको ताकेउची या लेखिकेने 1991 च्या शेवटी ती चित्रकथा म्हणून एका मासिकात सुरू केली. मार्च 1992 मध्ये तिचं कार्टून आलं आणि 1997 पर्यंत 200 भाग झाले. पुढे तिचं संगीत नाटक झालं, 2003 मध्ये खऱ्या कलाकारांची मालिका झाली आणि 2014 पासून कार्टून नव्याने काढलं गेलं.

नायिका उसागी 14 वर्षांची. रडूबाई, झोपाळू, पेपरात कमी मार्क. एका काळ्या मांजरीकडून तिला जादूचा ब्रोच मिळतो आणि ती लढायला उभी राहते. पण जादू मिळाली म्हणून तिचा अभ्यास सुधारत नाही की रडणं थांबत नाही. ती घाबरते, तरी मैत्रिणींना सोडून पळत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटलं.

आपल्याशी नातं

तिचं पूर्ण नाव त्सुकिनो उसागी. जपानी कानाला ते 'चंद्रावरचा ससा' असंच ऐकू येतं. आता आपला शब्द आठवा : शशी, शशांक. शश म्हणजे ससा! पाहुण्यासाठी स्वतःचा देह देणाऱ्या सशाची जातककथा आपल्याकडची. इंद्राने त्या सशाचं चित्र चंद्रावर कोरलं, असं ती सांगते. बौद्ध धर्मासोबत ती कथा जपानपर्यंत गेली. तिथल्या मुलांना चंद्रावरचा ससा तांदूळ कुटताना दिसतो.

उसागीच्या चार मैत्रिणी म्हणजे बुध, मंगळ, गुरू आणि शुक्र. उसागी स्वतः चंद्र, म्हणजे सोम. झाले की सोमवार ते शुक्रवार! जपानी वारांची नावंही याच ग्रहांवरून आहेत. आणि मालिकेतली बरीच धडपड एका इच्छा पुरवणाऱ्या रुपेरी स्फटिकासाठी चालते. चिंतामणीच्या कळंबातल्या मुलांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

रूपांतरात काय हरवतं?

1995 मध्ये अमेरिकेत इंग्रजी रूपांतर झालं, तेव्हा उसागीचं 'सेरेना' केलं आणि काही भाग गाळले. नाव बदललं तसा नावातला ससाच पळाला! 2014 च्या नव्या इंग्रजी आवृत्तीत 'उसागी' परत आलं. मुलांना भाषांतर म्हणजे काय हे शिकवायला याहून सोपं उदाहरण मला सापडलं नाही.

आपल्या पिढीची 'सोनपरी' आठवते ना? 2000 ते 2004 मध्ये स्टार प्लसवर लागायची, परी झाल्या होत्या आपल्या मृणाल कुलकर्णी. तिथे अडचणीत परी मदतीला यायची. इथे मदतीला जाणारी मुलगीच आहे. दोन्ही गोष्टी गोड आहेत, पण हा फरक मुलींशी जरूर बोला.

वर्गात करून पाहा

1. पौर्णिमेला चंद्र बघायला सांगा. ससा दिसतो, हरीण दिसतं की आणखी काही? तेच चित्र काढू द्या.
2. वार आणि ग्रह यांच्या जोड्या लावून घ्या. शनिवार-रविवारच्या नायिका मुलांनी स्वतः बनवाव्या.
3. "मला जादू मिळाली तरी माझी कोणती सवय तशीच राहील?" यावर पाच वाक्यं लिहायला सांगा.

पालकांना एक विनंती. मालिका थोड्या मोठ्या मुलींसाठी आहे, राक्षस आणि मारामारी आहे. म्हणून लहानग्यांसोबत बसून बघा, वेळ ठरवून द्या. पण नुसतं "बंद कर ते कार्टून" म्हणू नका. आधी विचारा, "तुला त्यातलं कोण आवडतं? का आवडतं?"

तिसरा उपक्रम माझ्या वर्गात झाला तेव्हा त्या मुलीने लिहिलं, "मी तरी उशिराच येईन. सकाळी पाणी भरून, लहान भावाला तयार करून यावं लागते." वर्षभर दाराशी उभं करताना मी एकदाही कारण विचारलं नव्हतं. एका कार्टूनने ते विचारून घेतलं. आता ती उशिरा आली की थेट जागेवर जाऊन बसते, आणि पहिलं गणित मी ती आल्यावर फळ्यावर पुन्हा सोडवते.

तुमच्या वर्गात दाराशी कोण उभं आहे? उद्या एकदा विचारून बघा.