दानधर्म आणि त्याचा हिशेब

कृष्णपुऱ्याच्या पुलावरून जाताना खान नदीच्या काठच्या छत्र्यांकडे दृष्टी गेली नाही असा इंदूरकर विरळाच. तेथे कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव होळकर यांची स्मारके आहेत. यांपैकी तुकोजीरावांनी खांडवा-इंदूर लोहमार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये, दरसाल शेकडा साडेचार व्याजाने, एकशेएक वर्षांच्या मुदतीवर कर्जाऊ दिले होते. रूळ पडले, कापसाला दूरची बाजारपेठ मिळाली आणि शहराचे रूप पालटले. एका कर्त्या पुरुषाच्या दूरदृष्टीचे हे फळ होय. परंतु दात्याच्या पश्चात त्याचा पैसा पिढ्यानपिढ्या काम करीत राहावा, यासाठी दूरदृष्टी पुरत नाही. तेथे संस्था लागते. आपल्या प्रांतातील याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे होळकरांची खासगी.

‘खासगी’ म्हटले की आज आपल्याला वैयक्तिक मालमत्ता आठवते. मूळ अर्थही तोच होता. १७३४ साली पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे स्वतंत्र जहागीर करून दिली. माळव्यातील महेश्वर आणि दक्षिणेतील चांदवड, अंबड ही ठिकाणे तीत होती. फौजेचा व राज्याचा खर्च दौलतीतून होई. खासगीचे उत्पन्न मात्र निराळे राही. १७६१ मध्ये गौतमाबाई निवर्तल्यावर ही खासगी अहिल्याबाईंकडे आली. पुढे १७६७ मध्ये राज्यकारभारही त्यांच्याच हाती आला. दोन्ही थैल्या एकाच हाती असताना त्यांनी त्या एकत्र केल्या नाहीत, ही गोष्ट आम्हांला त्यांच्या कोणत्याही देवालयाइतकीच थोर वाटते. खासगीच्या धनावर त्यांनी तुळशीपत्र ठेवले, असे परंपरा सांगते. जे नाव वैयक्तिक होते, त्याखालचा पैसा अशा रीतीने लोकांचा झाला.

या पैशाने काय केले? काशीचे विश्वनाथ मंदिर १७८० मध्ये उभे राहिले, गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ मध्ये. घाट, धर्मशाळा, विहिरी आणि अन्नछत्रे तर ठिकठिकाणी झाली. यांकडे आपण बहुधा पुण्यकर्म म्हणूनच पाहतो. वास्तविक घाट बांधला म्हणजे नावाड्याला उतारू मिळतो, वाटेवर विहीर खणली म्हणजे व्यापाऱ्याच्या बैलांना पाणी मिळते, आणि धर्मशाळेत यात्रेकरू उतरला म्हणजे वाण्याचे, हलवायाचे, कुंभाराचे दुकान चालते. महेश्वरात बाईंनी बाहेरून विणकर आणून वसविले. त्यांच्या मागांवरची साडी गावाच्या नावानेच प्रसिद्धीस आली. आपल्या पूर्वजांनी चार पुरुषार्थांत धर्माच्या शेजारीच अर्थाला बसविले, ते काही उगाच नव्हे. (माग पुढे मंदावले तेव्हा १९७८ च्या सुमारास तेथे ‘रेहवा’ ही संस्था निघाली आणि पुष्कळ घरांत ते पुन्हा चालू लागले. विणकरीचे कसब हातात होतेच. सूत, गिऱ्हाईक आणि नियमित मजुरी यांची सांगड घालणारे कोणी नव्हते.)

देवालय एकदा बांधून भागत नाही. नंदादीपाचे तेल दररोज लागते, गळके छप्पर दर पावसाळ्यात शाकारावे लागते. म्हणून जुन्या दात्यांनी रोकड देण्यापेक्षा गावांचा वसूल लावून दिला. पीक आणि बाजारभाव वाढले की वसूलही वाढे. १९४८ मध्ये होळकर राज्य मध्यभारत संघात विलीन झाले आणि हा क्रम बदलला. खासगीच्या मिळकती व उत्पन्न सरकारकडे जावे आणि त्याबदली सरकारने धर्मादायासाठी दरसाल २,९१,९५२ रुपये कायम वेगळे काढावेत, असे ठरले. त्या काळी ही रक्कम मोठी होती. तथापि रुपयाची किंमत घसरत जाते आणि दगडी घाटाच्या दुरुस्तीची मजुरी चढत जाते. ठरीव आकड्यावर शेकडो वर्षांचे ओझे टाकणे आम्हांला सुज्ञपणाचे वाटत नाही.

त्यानंतर १९६२ मध्ये ‘खासगी (देवी अहिल्याबाई होळकर धर्मादाय) ट्रस्ट’ स्थापन झाला. सुमारे अडीचशे मंदिरे, घाट, धर्मशाळा, छत्र्या यांची व्यवस्था त्याच्याकडे आली. या मिळकती हिंदुस्थानभर विखुरलेल्या. इंदुरात बसून हरिद्वारच्या पायऱ्यांवर कोण काय करतो, हे पाहणे सोपे नव्हे. आणि हरिद्वारच्याच कुशावर्त घाटाच्या व्यवहारावरून मोठा वाद उद्भवला. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै २०२२ च्या निकालात दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. या मिळकती सरकारच्या नाहीत, न्यासाच्या आहेत. आणि न्यास कितीही प्रतिष्ठित असो, त्याला १९५१ चा मध्यप्रदेश सार्वजनिक न्यास कायदा लागू आहे. त्याने नोंदणी केली पाहिजे, आणि पूर्वपरवानगीवाचून झालेल्या हस्तांतरांची चौकशी निबंधकाने केली पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले.

ज्या घराण्याने सारे दिले, त्याच्याच न्यासाला परवानगी मागावयास लावणे काही भाविकांना अवमानकारक वाटले असेल. त्यांची भावना आम्ही समजू शकतो; परंतु आमचे मत निराळे आहे. अहिल्याबाईंच्या हयातीत दोन थैल्यांमधील रेघ त्यांचे चारित्र्य राखीत होते. त्यांच्या पश्चात ती रेघ वही, हिशेबतपासनीस आणि प्रश्न विचारणारा मनुष्य यांनीच राखावयाची असते. शिवाय हे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले ते तक्रार करणारे कोणी निघाले म्हणून. हा कायदा एकट्या खासगीसाठी नाही. आपल्या गल्लीतील सार्वजनिक मंदिराचा न्यासही त्याच्याच कक्षेत येतो. त्याची जागा विकावयाची वा गहाण टाकावयाची झाल्यास निबंधकाची परवानगी आधी हवी. आणि व्यवस्थेविषयी शंका आल्यास त्या न्यासाशी हितसंबंध असलेल्या कोणाही व्यक्तीला निबंधकाकडे अर्ज करता येतो. दरमहा वर्गणी भरणाऱ्या कुटुंबाचा हितसंबंध त्या न्यासाशी नाही, असे कोण म्हणेल?