मेंढीचे पोट, कोबाल्ट आणि जीवनसत्त्व ब-१२

कुरणात पोटभर गवत असूनही मेंढ्या झिजून मरतात, असा अनुभव दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील चुनखडीयुक्त वाळूच्या जमिनीत मेंढपाळांस एकेकाळी येत असे. जनावराची भूक मंदावे, डोळ्यांतून पाणी वाहे, लोकर खराब होई व अंगातील रक्त कमी होई. कळप आतल्या प्रदेशातील कुरणांवर नेला की हीच मेंढी सुधारे. यावरून दोष चाऱ्याचाच असावा, असा तर्क निघाला.

प्रारंभी लोहाची उणीव असावी असे वाटले, व लोहयुक्त खनिज भरपूर चारल्याने गुणही येई. शुद्ध लोहाने मात्र येईना. १९३५ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात अंडरवुड व फिल्मर यांनी, तसेच ॲडलेड येथे मार्स्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, खरा गुण त्यात मिसळलेल्या कोबाल्टचा आहे असे दाखविले. मेंढीस दररोज १ मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा केवळ हजारावा भाग, पुरेसा ठरला.

नवल असे की, हेच कोबाल्ट टोचून दिल्यास फारसा उपयोग होत नसे. ते पोटातच जावे लागे. जीवनसत्त्व ब-१२ मध्ये कोबाल्ट असते हे १९४८ साली कळल्यावर याचा उलगडा झाला. कोठीपोटातील सूक्ष्मजीव चाऱ्यातील कोबाल्ट घेऊन हे जीवनसत्त्व तयार करतात. चारा आंबून निघणाऱ्या प्रोपिऑनिक आम्लापासून मेंढी आपल्या शरीरात साखर बनविते. या कामी ब-१२ लागते. ते नसल्यास भूक मरते, आणि भरल्या कुरणात उपासमार होते. दूध तुटलेल्या वाढत्या कोकरांस याचा फटका सर्वांत आधी बसतो.

खडलेली मेंढी दिसताच कोबाल्टची उणीव गृहीत धरणे मात्र योग्य नव्हे. जंतांमुळेही हीच लक्षणे दिसतात, व तेच कारण अधिक आढळते. म्हणून ग्रामसेवकाने प्रथम लेंड्यांची तपासणी करवून घ्यावी. वाळलेल्या चाऱ्याच्या दर किलोस सुमारे ०.१ मिलिग्रॅम कोबाल्ट मेंढीस पुरते. उणीव ठरल्यास पशुवैद्यांच्या सल्ल्याने मेंढ्यांसाठीच बनविलेले क्षारमिश्रण द्यावे. गाईम्हशींचे मिश्रण देऊ नये. त्यातील तांबे मेंढीच्या यकृतात साचत जाते व पुढे एकाएकी कावीळ होऊन जनावर दगावते.