एवढेसे खरचटले!

(सायकलवरून पडून खरचटले तर घरी काय करावे, काय करू नये आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे, हे या पाठात सांगितले आहे.)

सायकल शिकायची म्हणजे पडायचेच. कधी वाळूवरून चाक घसरते, कधी साखळी निसटते, कधी अचानक कुत्रे आडवे येते. आपण पडतो, उठतो, कपडे झटकतो आणि "काही नाही, एवढेसे खरचटले!" असे म्हणून पुन्हा सायकलवर बसतो. पण 'एवढेसे' म्हणून सोडून दिलेली जखम कधी कधी फार त्रास देते.

खरचटते म्हणजे नेमके काय होते? आपल्या त्वचेचे मुख्य थर दोन. वरचा थर पातळ असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात. खालच्या थरात बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंची टोके असतात. अंग रस्त्यावर घासले की वरचा थर निघून जातो आणि खालचा थर उघडा पडतो. म्हणून खरचटल्यावर रक्त थोडेच येते, पण आग फार होते. वरचा थर हा शरीराचा दरवाजाच आहे. तो मोडला की धूळ, माती आणि त्यांतील रोगजंतू आत शिरतात.

'जखम' हा शब्द तुम्हांला परका नाही. तुमच्या उर्दूतला 'ज़ख्म' मराठीत 'जखम' झाला. 'मरहम'चे 'मलम' झाले. 'दवाखाना' तर दोन्ही भाषांत सारखाच आहे.

आता एका घरातला हा प्रसंग वाचा. मुलगा सातवीत शिकतो. त्याची मोठी बहीण नववीत आहे. तिने शाळेत प्रथमोपचार शिकले आहेत. एका संध्याकाळी मुलगा लंगडत घरी आला आणि गुपचूप कोपऱ्यात बसला.

"मुन्ना, गुडघ्यावर हात का धरलास? पायजमा वर कर पाहू."

"काही नाही, आपा. एवढेसे खरचटले. अम्मीला सांगू नकोस. ती माझी सायकल बंद करील."

"अम्मी रागावेल ती दोन मिनिटे. जखम चिघळली तर पंधरा दिवस सायकलला हात लावता येणार नाही. आधी सांग, डोक्याला लागले का? चक्कर येते का? मळमळते का?"

"नाही, आपा. हातांवर आणि गुडघ्यावर पडलो."

"हातपाय हलवून दाखव. शाब्बास! हाड मोडलेले दिसत नाही."

इतक्यात दादी हळदीचा डबा घेऊन आल्या. "बेटी, यावर चिमूटभर हळद दाब. रक्त लगेच थांबेल."

"दादीजान, हळद आपण दुधात घालू. जखमेत आता बारीक खडे आहेत. वर हळद टाकली तर खडे आतच राहतील आणि हळदही चिकटून बसेल. आधी जखम धुऊ या."

दादी हसल्या. "बरे, तू शिकलीस तसे कर. मी लोटा धरते, तू धू."

बहिणीने प्रथम स्वतःचे हात साबणाने धुतले. मग दादींनी पिण्याच्या पाण्याची धार जखमेवर धरली. एक लोटा संपला, दुसरा संपला. पाच-सात मिनिटे पाणी चालूच होते. जखमेच्या भोवतालची त्वचा तिने साबणाने धुतली. दोन खडे अजून रुतलेले होते. तिने चिमटा स्पिरिटने पुसला, वाळू दिला आणि खडे अलगद काढले. स्वच्छ कापड दाबून धरल्यावर रक्त थांबले. मग पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावून तिने निर्जंतुक पट्टी बांधली. मुलगा 'हाय हाय' करीत होता, पण जागचा हलला नाही. शेवटी त्याने स्वतःच अम्मीला हाक मारली.

आता या प्रसंगातील गोष्टींची कारणे पाहू.

खडे का काढले? धूळ आणि खडे आत राहिले तर जखम चिघळते. शिवाय वर नवी त्वचा आल्यावर काळा डाग कायम राहतो. खडे खोल रुतले असतील आणि धुऊन निघत नसतील तर मात्र ओरबाडू नये. ते काम डॉक्टरांचे आहे.

स्पिरिट जखमेत का ओतले नाही? स्पिरिट जंतूंना मारते, पण जखम भरून काढणाऱ्या पेशींनाही इजा करते. चिमटा पुसण्यासाठी ते चांगले, उघड्या जखमेसाठी नाही. चहाची पूड, चुना, राख, टूथपेस्ट, रॉकेल, शेण यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. त्यांमुळे जखमेची आग वाढते किंवा नवी घाण आत जाते.

पट्टी का बांधली? 'जखम उघडी ठेवा, वाऱ्याने सुकू द्या' असे पुष्कळजण सांगतात. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले, की झाकलेल्या, किंचित ओलसर जखमेवर नवी त्वचा लवकर येते. कोरड्या, कडक खपलीखालून नव्या पेशींना पुढे सरकणे अवघड जाते. म्हणून पट्टी बांधावी आणि ती रोज बदलावी. भिजली किंवा मळली तर लगेच बदलावी. पट्टी चिकटली तर ओढू नये. पाण्याने भिजवून सोडवावी. खपली धरली तर ती नखाने काढू नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मळक्या जखमेतून धनुर्वात हा भयंकर रोग होऊ शकतो. तो गंजलेल्या लोखंडामुळेच होतो, असा अनेकांचा समज आहे. खरे तर गंज हे त्याचे कारण नव्हे. माती, धूळ आणि जनावरांचे शेण यांत या रोगाच्या जंतूंचे बीजाणू असतात. ते जखमेत शिरले की तेथे जंतू वाढतात आणि विष तयार करतात. त्या विषाने स्नायू आखडतात. रोग्याची दातखीळ बसते. पुढे पाठ धनुष्यासारखी वाकते, म्हणून या रोगाचे नाव धनुर्वात. जपानी शास्त्रज्ञ कितासातो यांनी १८८९ साली या जंतूंची शुद्ध वाढ करून दाखवली. १८९० साली त्यांनी आणि बेरिंग यांनी या विषाचा प्रतिकार कसा होतो, हे शोधले. पुढे लस तयार झाली. आपल्या देशात ही लस लहानपणी आणि पुन्हा १० व्या व १६ व्या वर्षी सरकारी दवाखान्यात मोफत देतात. पाणी खडे धुऊन काढते, पण लशीचे काम पाणी करू शकत नाही. म्हणून आपली शेवटची लस केव्हा झाली, हे घरी विचारून ठेवा. जखम मळकी असेल आणि लस घेऊन ५ वर्षांहून अधिक काळ झाला असेल, तर डॉक्टरांना अवश्य विचारा.

पुढील लक्षणे दिसली तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नका : १० मिनिटे दाबूनही रक्त न थांबणे, जखमेभोवती लाली व सूज वाढत जाणे, पू किंवा दुर्गंधी येणे, ताप येणे. डोक्याला मार लागून चक्कर किंवा उलटी झाली, तर घरी थांबूच नका.

मुलांनो, पडण्यात लाज नाही. जखम लपवण्यात मात्र धोका आहे. पडलात तर घरी सांगा आणि आधी जखम धुवा.

शब्दार्थ
खरचटणे – घासून त्वचा सोलली जाणे
चिघळणे – जखम बिघडून वाढणे
खपली – जखमेवर धरलेला कडक थर
निर्जंतुक – जंतू नसलेले
दातखीळ बसणे – जबडा घट्ट मिटणे

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) खरचटल्यावर आग फार का होते?
(आ) मुलगा जखम का लपवत होता?
(इ) 'धनुर्वात' हे नाव कशावरून पडले?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) बहिणीने जखमेवर हळद लावू दिली नाही.
(आ) चिकटलेली पट्टी ओढू नये.

प्र. ३. मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द शोधून लिहा.

उपक्रम : आपल्या वर्गासाठी प्रथमोपचार पेटी तयार करा. तीत कोणत्या वस्तू ठेवाल, त्यांची यादी करा.