उडून जाणारी शून्याची खूण

मूल हा धानाचा मुलूख. राईस मिलमध्ये धान भरडले की तुसाचे ढीग पडतात. तुसाची राख बोटांत चोळून पाहा. ती खरखरीत लागते. कारण तिचा बहुतेक भाग सिलिका असतो. वाळूतही मुख्यतः हेच द्रव्य असते. सिलिकामध्ये प्रत्येक सिलिकॉन अणू चार ऑक्सिजन अणूंना जोडलेला असतो व हे जाळे सर्व बाजूंना पसरते. म्हणून वाळूतील सिलिका वितळण्यास सुमारे १७०० अंश से. तापमान लागते.

आता सिलिकॉनला चार ऑक्सिजनऐवजी चार मिथिल गट जोडले तर? मिळतो पाण्याहून हलका, रंगहीन द्रव : टेट्रामिथिलसिलेन. तो सुमारे २७ अंश से. तापमानालाच उकळतो! मे महिन्यात मूलला पारा चाळिशीपार जातो; तेव्हा बशीत ओतलेला हा द्रव चुलीवाचूनच उडून जाईल. असे का? येथे जाळे नाही. प्रत्येक रेणू सुटा आहे. रेणूतील बंध बळकट असले तरी शेजारच्या रेणूंमधील ओढ क्षीण असते.

असा पळपुटा द्रव कोणत्या कामाचा? एखाद्या वनस्पतीतून वेगळे केलेले नवे द्रव्य बऱ्याचदा काही मिलिग्रॅमच असते. त्याच्या रेणूची रचना अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाने कळते. नमुना प्रबळ चुंबकात ठेवून रेडिओलहरी सोडल्या की निरनिराळ्या जागचे हायड्रोजन निरनिराळे संकेत देतात. १९५१ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात आर्नल्ड, धर्मट्टी व पॅकार्ड यांनी इथिल अल्कोहोलचे असे तीन संकेत वेगळे दाखविले. धर्मट्टी यांनीच पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाच्या संशोधनाचा पाया घातला.

पण संकेतांची जागा मोजायची कोठून? पट्टीला शून्य हवेच. १९५८ साली टियर्स यांनी त्यासाठी टेट्रामिथिलसिलेन सुचविले. त्याचे बाराही हायड्रोजन सारखे, म्हणून संकेत एकच व ठळक. तोही बहुतेक इतर संकेतांपासून दूर, एका कडेला. हे संयुग नमुन्याशी सहसा अभिक्रिया करीत नाही. शिवाय काम संपल्यावर ते सहज उडून जाते व मोलाचा नमुना मागे राहतो. ही शून्याची खूण आजही पाळली जाते.

मात्र त्याची वाफ चटकन पेटते. म्हणून बाटली घट्ट बंद करून, ज्योतीपासून दूर, थंड जागी ठेवतात.

वाळूत न वितळणारा सिलिकॉन येथे वाऱ्यावर उडतो. मूलद्रव्य तेच, बदलली ती केवळ अणूंची जोडणी!