फुलांच्या दरीला केव्हा जावे?

आपल्या खेड्यापाड्यांतून दरसाल कितीतरी माणसे बद्रीनाथाच्या यात्रेला जातात. हरिद्वारला गंगेत न्हातात. मोटारीने डोंगर चढतात. देवाचे दर्शन घेतात आणि माघारी फिरतात. पण बद्रीनाथाच्या थोडे अलीकडे, रस्त्यापासून आत डोंगरात, एक दरी आहे. तिला फुलांची दरी म्हणतात. पुष्कळ यात्रेकरू तिच्या जवळून जातात. पण त्यांना तिची खबरही नसते.

ज्यांना खबर असते ते विचारतात, "तिथं जायचं कसं?"

आम्ही म्हणतो, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा, की जायचे केव्हा? पेरावे कसे, हे आपल्याला येते. पण केव्हा पेरावे हे चुकले तर बी वाया जाते. डोंगराचेही तसेच आहे.

दरी कोठे आहे?

उत्तराखंड राज्यात चमोली नावाचा जिल्हा आहे. ही दरी त्या जिल्ह्यात आहे. दरीतून पुष्पावती नदी वाहते. फ्रँक स्माइथ नावाचे एक इंग्रज गिर्यारोहक १९३१ साली कामेत शिखर चढून परतताना या दरीत उतरले. फुले पाहून ते थक्क झाले. पुढे त्यांनी दरीवर पुस्तक लिहिले आणि तिचे नाव जगात झाले. मेंढपाळांना मात्र ती आधीपासून ठाऊक होती. त्यांची मेंढरे तिथेच चरत असत.

सन १९८२ मध्ये सरकारने ही दरी राष्ट्रीय उद्यान म्हणून राखली. राष्ट्रीय उद्यान म्हणजे जपलेले रान. तिथे झाड तोडायचे नाही, शिकार करायची नाही, गुरे चारायची नाहीत. २००५ साली दरीला जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली.

आता उंची पाहू. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १,६४६ मीटर. फुलांची दरी त्याच्या दुप्पट उंचीवर आहे. दरी म्हटली तरी ती अशी आभाळाजवळ!

दरीचा खरीप

कार्तिकापासून तिथे बर्फ पडू लागते. दरी बर्फाखाली झाकून जाते. वरचे पान-देठ वाळते, पण जमिनीत मूळ जिवंत राहते. बर्फाची गोधडी अंगावर असते, म्हणून कडाक्याच्या गारठ्याने मूळ मरत नाही. मे महिन्याच्या सुमारास बर्फ वितळू लागते. त्याचे पाणी मुळाला मिळते. मग कोंब फुटतो.

पुढे हाती चारच महिने असतात. तेवढ्यात वाढायचे, फुलायचे, बी धरायचे आणि बी जमिनीत टाकायचे. पुन्हा बर्फ पडायच्या आत सगळे उरकायला हवे. म्हणून तिथे सगळी फुले घाईने, एकदम फुलतात. तो त्या दरीचा खरीप आहे.

दरी १ जूनला उघडते आणि ३१ ऑक्टोबरला बंद होते. आपल्या हिशेबाने रोहिणीत उघडते, स्वातीत मिटते. आता एकेक काळ पाहू.

रोहिणी आणि मृग. दरी नुकतीच उघडलेली असते. वाटेवर जागोजाग बर्फ असते. ओढ्यांवर बर्फाचे पूल असतात. वरून घट्ट दिसतात, पण खालून पोकळ असतात. त्यांवर आपल्या मनाने पाय टाकू नये. फुले थोडी असतात. ज्याला बर्फ पाहायचे आहे त्याने या दिवसांत जावे. ज्याला फुले पाहायची आहेत त्याने जाऊ नये.

तरणा, म्हातारा आणि आश्लेषा. म्हणजे जुलैचा पहिला आठवडा संपल्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. हा फुलांचा भर. पिवळी, जांभळी, पांढरी, गुलाबी फुले उतारांवर दाटतात. निळी खसखसही या दिवसांत फुलते. आपल्या तेरड्याची भावंडेही तिथे भेटतात. मात्र ती माणसाच्या खांद्याला लागतील एवढी वाढतात! पण पाऊसही याच दिवसांत असतो. दरडी कोसळतात. रस्ता कधी एक दिवस, कधी दोन दिवस बंद राहतो.

मघा, पूर्वा आणि उत्तरा. पाऊस हळूहळू ओसरतो. फुले कमी होतात, बी धरू लागतात. हेमकुंडाच्या वाटेवर खडकांत ब्रह्मकमळ दिसते. सप्टेंबरच्या मध्यानंतर आभाळ मोकळे होते आणि बर्फाची शिखरे दिसतात.

हस्त आणि चित्रा. पाने पिवळी-तांबडी होतात. रात्री दहिवर गोठते. फुले नसतात, गर्दीही नसते.

मग दरी मिटते. खालच्या गावातून उन्हाळ्यात वर गेलेली माणसे खाली उतरतात. अस्वले गुहेत झोपतात. बर्फावर बिबट्याचा भाऊबंद, हिमबिबट्या, तेवढा फिरतो.

शेतकऱ्याची अडचण

इथे एक शेतकरी म्हणेल, "अहो, फुलांचा भर श्रावणात, आणि आमची भांगलणीही श्रावणातच! रान तणाला देऊन फुलं बघायला जाऊ का?"

हे बोलणे खरे आहे. त्यावर आमचे उत्तर असे. भांगलणी उरकली आणि काढणी अजून लांब आहे, असे काही दिवस पूर्वा नक्षत्राच्या सुमारास मिळतात. त्या दिवसांत जावे. फुले निम्मी दिसतील, पण वाट बरी असेल आणि मन शेतात अडकणार नाही. वयस्कर माणसांनाही हाच काळ बरा. फुलांचा भरच पाहायचा असेल तर घरातल्यांनी पाळी लावावी. एका साली थोरल्याने जावे, दुसऱ्या साली धाकट्याने. बायकांचीही पाळी धरावी. त्यांना वगळू नये.

दिवसांचा हिशेब

हरिद्वारपर्यंत रेल्वेने जावे. तिथून मोटारीने जोशीमठ, म्हणजेच ज्योतिर्मठ. हा प्रवास पूर्ण एका दिवसाचा. दुसऱ्या दिवशी गोविंदघाट गाठावे. तिथून पुलना गावापर्यंत जीप मिळते. पुढे घांघरियापर्यंत सुमारे दहा किलोमीटर चढ आहे. पाय दुखत असतील त्यांना खेचर मिळते. घांघरियाला मुक्काम करावा. तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर दरीत जावे. दरीत खेचर नेता येत नाही आणि राहताही येत नाही. उजेड असतानाच परत यावे लागते. तिथे दुकान नाही. भाकरी आणि पाणी बरोबर घ्यावे. चौथ्या दिवशी, अंगात बळ असेल तर, शिखांचे तीर्थ हेमकुंड पाहावे. पाचव्या दिवशी उतरावे आणि बद्रीनाथाला जावे.

यात्रेसाठी आधी सरकारी नावनोंदणी करावी लागते. ती घरूनच करून घ्यावी.

या हिशेबात आणखी दोन दिवस मोकळे धरा. हे दोन दिवस फार मोलाचे आहेत. पुष्कळ माणसे परतीचे तिकीट नेमके धरतात. रस्ता बंद झाला की त्यांचा जीव वरखाली होतो. मग ती घाई करतात. दरड नीट साफ झाली नसताना पुढे जा म्हणून चालकाच्या मागे लागतात. डोंगरात घाईसारखा वैरी नाही.

सन २०१३ च्या जून महिन्यातली गोष्ट. १६ आणि १७ तारखेला उत्तराखंडात भयंकर पाऊस झाला. केदारनाथाच्या बाजूला हजारो माणसे दगावली. घांघरियाची वाट आणि पूलही पुरात गेले. वर अडकलेल्या यात्रेकरूंना हेलिकॉप्टरने खाली आणावे लागले. म्हणून सांगतो, निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा ऐका. तिथले लोक "आज थांबा" म्हणाले तर थांबा. त्यांना त्यांचा डोंगर कळतो.

अंगाची काळजी

एवढ्या उंचीवर हवा विरळ असते. दोन पावलांवर धाप लागते. सावकाश चाला. पाणी पीत राहा. डोके फार दुखू लागले, ओकारी आली, तोल जाऊ लागला, तर वर जाऊ नका. लगेच खाली उतरा. उतरणे हाच पहिला उपाय. "इतक्या लांबून आलो, आता थोडंच राहिलं," असे म्हणून चढू नका. ज्याला दम्याचा किंवा काळजाचा आजार आहे त्याने घरून निघण्याआधी डॉक्टरला विचारावे.

वाट सोडून कड्याकडे जाऊ नका. १९३९ साली जोन मार्गारेट लेग नावाच्या बाई फुलांचा अभ्यास करायला तिथे आल्या होत्या. त्या कड्यावरून घसरल्या आणि वारल्या. त्यांची समाधी दरीतच आहे.

एक फूल तोडले तर काय होते?

कोणी म्हणेल, "लाखो फुलं आहेत. देवासाठी एक नेलं तर काय बिघडलं?"

मंडळी, आपण बियाण्याची कणगी वेगळी ठेवतो. उपास पडला तरी बियाणे दळत नाही. दरीतले फूल हे दरीचे बियाणे आहे. तिला वर्षातून एकदाच, चार महिन्यांत, ते धरायचे असते. माणसे हजारो येतात. प्रत्येकाने एक फूल नेले तर पुढच्या साली काय उगवेल?

या दरीसाठी तिथल्या गावकऱ्यांनीही झीज सोसली आहे. उद्यान झाले आणि त्यांच्या मेंढरांची चराई बंद झाली. काही जाणकार म्हणतात, चराई थांबल्याने एक उंच तण माजले. ते आता वनखात्याला उपटावे लागते. म्हणजे रान जपणे हेही शेतीसारखेच कष्टाचे काम आहे. आज त्या गावकऱ्यांपैकी कितीतरी जण खेचरे हाकून, ओझी वाहून, खाणावळी चालवून पोट भरतात. त्यांचीही सुगी तेवढ्या चार-पाच महिन्यांचीच. त्यांच्याशी मजुरी आधी नीट ठरवा, पण घासाघीस करून त्यांचा घाम स्वस्त करू नका. आणि आपला कचरा आपल्याच पिशवीत खाली आणा.

पावसाला आपण कधी म्हणत नाही, की माझ्या सोयीने ये. आपणच त्याच्या सोयीने पेरतो. डोंगरालाही तसेच भेटावे. त्याचा काळ विचारावा, आपला काळ त्याला जुळवावा आणि मग तिकीट काढावे.

विचार करा व सांगा

१. दरीतली फुले एकदम का फुलतात?
२. तुमच्या घरातल्या माणसांना कोणत्या नक्षत्रात सवड असते? त्या वेळी दरीत काय दिसेल?
३. प्रवासात दोन दिवस मोकळे का ठेवावेत?
४. तुमच्या गावाजवळचा एखादा डोंगर आठवा. त्यावर कोणत्या महिन्यात काय फुलते, ते लिहून काढा.