पाईकच्या तळ्यावर : काय करावे, काय टाळावे

ब्रिटनच्या तळ्या-जलाशयांत पाईक हा मासा सगळ्यांत वरचा शिकारी. नदीतला मासा गळवाल्यांची गर्दी वाढली की वर-खाली सरकतो. तळ्यातला जाणार कुठे? त्यातून मोठे पाईक एका तळ्यात मोजकेच, म्हणून हंगामभर तोच मासा चार जणांच्या गळाला लागतो. तिथे पकडलेला पाईक बहुतेक जण पाण्यात परत सोडतात (मालवणी माणसाला हे पटायला वेळ लागेल). पण सोडला म्हणजे वाचलाच, असे नाही.

करावे

• पाण्याला विश्रांती द्यावी. दक्षिण वेल्समधल्या लँडेगवेद जलाशयात १९९२ साली ४६ पौंड १३ औंसांचा, म्हणजे सुमारे २१ किलोचा पाईक मिळाला. हा ब्रिटिश विक्रम २०२४ मध्ये मोडला, तो ब्रिस्टलजवळच्या च्यू व्हॅली जलाशयात. दोन्ही पाणी मुळात ट्राउट माशांचे: खायला मुबलक आणि पाईकवाल्यांना परवानगी मोजकी. एरवी नवे पाणी उघडले की पहिल्या वर्षी राक्षसी मासे निघतात, मग गर्दी लोटते आणि वजने उतरतात. मासेमारी क्लबाने दिवस आणि माणसे मर्यादित ठेवली, तर कुरकुर करू नये.

• दोरीवरचे तरंगते बूच हलताच ओढावे. ‘नीट गिळू दे’ म्हणून थांबलात, तर गळ घशात जातो.

• दोरीच्या टोकाला तार हवीच. पाईकचे दात साधी दोरी सहज कापतात आणि मासा तोंडात गळ घेऊन पसार होतो.

• गळ काढण्याची तयारी आधी करावी : ओली मऊ गादी, लांब चिमटा, तार कापायची पक्कड. मासा उताणा ठेवून हनुवटीजवळ कल्ल्याच्या झाकणाखाली बोटे सरकवावीत, आतल्या लाल पात्यांना न शिवता. जरा वर उचलले की जबडा उघडतो आणि गळ दिसतो. हे येत नसेल, तर आधी जाणत्या माणसाबरोबर जावे.

टाळावे

• चमचा (धातूचे नकली आमिष) चालेना म्हणून लगेच खऱ्या माशाच्या आमिषावर उतरणे. नेदरलँड्समधले संशोधक बेउकेमा यांच्या १९७० च्या प्रयोगात, फिरत्या चमच्याला एकदा फसलेला पाईक पुन्हा सहजी फसला नाही. जिवंत आमिषाला मात्र फसतच राहिला. म्हणजे मासे संपलेले नसतात, शहाणे झालेले असतात. आमिषाने ते शहाणपण मोडता येते, पण गळ खोल जाण्याचा धोकाही तिथेच जास्त. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये तर जिवंत मासा आमिष म्हणून लावायला बंदीच आहे.

• मोठा मासा मारणे. दहा पौंडांपुढचा पाईक बहुधा मादीच. शिवाय पाईक पाईकला खातो : थोरले काढले, की धाकट्यांची गर्दी माजते. विंडरमीअर सरोवरात १९४४ पासून जाळी लावून मोठे पाईक काढले गेले, तेव्हा उरलेल्यांत तरुणांचे प्रमाण वाढले. आयर्लंडमध्ये ५० सेंटिमीटरहून मोठा पाईक मारता येत नाही, छोटाही दिवसाला एकच. नियम शहाणपणाचा आहे.

• भर उन्हाळ्यात पाईकमागे लागणे. गरम पाण्यात प्राणवायू कमी. झुंज देऊन दमलेला मासा पोहत गेलेला दिसतो आणि नंतर मरतो.

• अंडी घालण्याच्या दिवसांत मागे लागणे. वसंताच्या तोंडाशी माद्या अंड्यांनी जड होतात, विक्रमी वजनाचा मोहही तेव्हाच होतो. इंग्लंडच्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून पाईकची मासेमारी बंद असते, पण बहुतेक तळ्यांवरची ही सक्ती १९९५ मध्ये उठली. तिथे आवर आपणच घालायचा.

• उभ्याने मासा छातीशी धरून फोटो काढणे. सुटला तर आपटतो. गुडघ्यावर बसून गादीवरच धरावा, एक फोटो पुरे.

• नेमकी जागा जगजाहीर करणे. फोटोत मागचा बांध किंवा झाड दिसले, तरी ओळखणारे ओळखतात आणि पुढच्या शनिवारी तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही.